यांगबानची हनुवटी : कोरियन मुखवटानाट्य रोबोंकडून करवून घेताना

हे प्रकरण दक्षिण कोरियातल्या उत्तर ग्यॉंगसांग प्रांतातलं, आन्दोंग शहराच्या आसपासचं. माणसांची आणि संस्थांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. त्या गटात हालचालींच्या नियंत्रणाचं काम माझ्याकडे होतं. रोबोने पाय कधी उचलायचा आणि उचलल्यावर पडायचं कसं नाही, एवढंच बघायचं. त्यामुळे लिहिणारा तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पार्श्वभूमी

कोरियन भाषेत 'थाल' म्हणजे मुखवटा आणि 'छुम' म्हणजे नाच. थालछुम हा उघड्या अंगणात, प्रेक्षकांच्या रिंगणात होणारा खेळ. त्यात लबाड भिक्खू असतात, पोकळ तोऱ्याचे उमराव असतात आणि त्यांची जाहीर शोभा करणारे नोकर असतात. आपल्याकडच्या तमाशातला सोंगाड्या ज्याने पाहिलाय त्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही. प्रेक्षक गप्प बसत नाहीत. 'ऑल्सू!', 'चोता!' अशी दाद मध्येच फेकली जाते, टोमणेही मारले जातात आणि नट ते झेलून पुढे जातो. युनेस्कोने २०२२ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत थालछुम घेतलं. आमच्या प्रकल्पाच्या अर्जाची पहिली ओळ हीच होती.

मागणी होती एका छोट्या प्रदर्शन-दालनाची. पर्यटक येतात, मुखवटे काचेआड बघतात, फोटो काढून जातात. तिथे दर तासाला दहा मिनिटांचा खेळ व्हावा आणि तो रोबोंनी करावा. आमच्या प्रयोगशाळेत अर्धा मीटर उंचीचे, वीस सांध्यांचे रोबो होते. एरवी ते फुटबॉल खेळायचे. सल्लागार म्हणून सत्तरी ओलांडलेले एक जुने नट मिळाले. त्यांना सगळे 'सन्सेंग्निम' म्हणत, म्हणजे गुरुजी. जांगगू, म्हणजे मधे निमुळता दुतोंडी ढोल, वाजवणारी एक तरुण मुलगी होती आणि मुखवटे कोरणारा एक कारागीर.

पहिला प्रश्न कोणत्या खेळाचा, हा होता. विद्यार्थ्यांना बोंगसानचा हवा होता. तो मूळ ह्वांगहे प्रांतातला, जो आज उत्तर कोरियात आहे. कोरियन युद्धानंतर दक्षिणेत आलेल्या निर्वासितांनी तो इथे जिवंत ठेवला. लांब पांढऱ्या बाह्या हवेत भिरकावत उड्या मारायच्या, असा त्याचा थाट. व्हिडिओत एकदम उठून दिसतो. पण आमच्या रोबोला उडी म्हणजे गुडघ्याच्या मोटरचा अंत, आणि लांब बाही म्हणजे कोपराच्या सांध्यात अडकलेलं कापड.

दुसरा पर्याय हाताशीच होता : हाहवे गावचा ब्यॉलशिनगुत. नाक्दोंग नदी ज्या गावाला वळसा घालून जाते ते हे गाव, २०१० पासून जागतिक वारसास्थळ. ग्रामदेवतेच्या मोठ्या पूजेत, काही वर्षांच्या अंतराने, हा खेळ व्हायचा. १९२८ साली शेवटचा झाला आणि मग थांबला. १९७०च्या दशकात लोकांनी तो पुन्हा उभा केला, आणि १९८० मध्ये त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. यात उड्या नाहीत. पात्र ओळखायचं ते चालीवरून. यांगबान, म्हणजे उमराव, करकोच्यासारखा लांब ढांगा टाकतो. बुने, म्हणजे नखरेल तरुणी, ठसक्यात चालते. नोकर छोरेंगी जागच्या जागी चुळबुळतो. आणि दुसरा, भोळसट नोकर इमे लटपटत येतो.

आम्ही हाहवे निवडलं. निवड बरोबरच होती, कारण मात्र चुकीचं होतं. 'हालचाली संथ आहेत, म्हणजे सोप्या आहेत' असं मी बैठकीत म्हणालो होतो. दोन पायांवरचं यंत्र संथ चालताना जास्त वेळ एका पायावर उभं असतं. हे मला माहीत नसायला नको होतं.

खेळातला प्रसंग

दहा मिनिटांत पूर्ण खेळ बसणार नव्हता, म्हणून यांगबान आणि सनबी यांचा प्रसंग घेतला. सनबी म्हणजे विद्वान. दोघांत मोठा कोण, यावर भांडण. यांगबान म्हणतो, मी 'सादेबू'च्या घराण्यातला. 'सादेबू' म्हणजे विद्वान अधिकारी, पण 'सा' हा उच्चार चार या आकड्याचाही आहे. सनबी लगेच म्हणतो, चार काय घेऊन बसलास, मी 'पाल्देबू'च्या घराण्यातला. 'पाल' म्हणजे आठ. मग यांगबान सांगतो की त्याने चार ग्रंथ आणि तीन सूत्रं वाचलीत. सनबी म्हणतो, मी आठ ग्रंथ आणि सहा सूत्रं. एखाद्याने चार वेदांची फुशारकी मारावी आणि दुसऱ्याने 'मी आठ शिकलो' म्हणून त्याला गार करावं, तसलाच प्रकार.

सहा सूत्रं कोणती, हे यांगबानला ठाऊक नाही. छोरेंगी पुढे होतो : मला नोकराला माहीत आहे आणि तुम्हाला नाही? सूत्राला कोरियनमध्ये 'ग्यॉंग' म्हणतात, आणि छोरेंगी 'ग्यॉंग'ने संपणारे सहा शब्द धडाधड मोजतो. ऐंशी हजार ठोकळ्यांचं बौद्ध महासूत्र, भिक्खूच्या झांजांचं सूत्र, आंधळ्याचा चष्मा, औषधवाल्याकडची एक मुळी, कुमारिकेची मासिक पाळी आणि गड्याची वर्षाची मजुरी. सहाही शब्दांचा शेवट 'ग्यॉंग'. दोन विद्वान माना डोलावतात. पुराणातली वांगी पुराणात, पण इथे पुराणही वांग्याचंच निघतं.

या यादीतला पाचवा शब्द लक्षात ठेवा. पुढे तोच आडवा येणार आहे.

अडचण कुठे होती

कागदावर अडचण तांत्रिक होती : चार-पाच रोबो, एक संगीत, आधी ध्वनिमुद्रित केलेले संवाद, सगळं एका वेळापत्रकावर. पहिली तालीम तीन महिन्यांत उभी राहिली. कोणी पडलं नाही. आम्ही खूश होतो.

सन्सेंग्निम पूर्ण खेळ मांडी घालून बघत बसले. संपल्यावर म्हणाले, ''चालले छान. पण हे कोणाशी बोलतायत?''

तेव्हा मी ते वाक्य कौतुक आणि कुरकुर यांच्या मधलं समजलो. त्याचा अर्थ लागायला उन्हाळा गेला. रोबो एकमेकांशीही बोलत नव्हते आणि समोरच्यांशीही नाही. मधली जागाच नव्हती. एक वाक्य संपलं की ठरल्या क्षणी दुसरं. बघणाऱ्याने 'ऑल्सू' म्हणायचं कुठे?

त्याच सुमाराची एक जाहीर घटना आमच्या गटात खूप चघळली गेली. ३० जून २०२३ रोजी सोलच्या राष्ट्रीय नाट्यगृहात 'एव्हर-६' नावाच्या रोबोने पारंपरिक वाद्यवृंदाचं संचालन केलं. कोरियातच बनलेला रोबो, आणि हातांच्या हालचाली खऱ्या संचालकाच्या हालचाली टिपून शिकवलेल्या. हालचाल नेटकी होती. उणीव लोकांनी एकच काढली : त्याला ऐकू येत नाही. वादक त्याच्यामागे जातील, तो वादकांमागे जाणार नाही. आमच्या पाच बुटक्या रोबोंची गत हीच होती, फक्त आमच्याकडे बातमी द्यायला कोणी आलं नव्हतं.

हनुवटीचं प्रकरण

तालाच्या प्रश्नाकडे वळण्याआधी मुखवट्यांबद्दल सांगायला हवं. दोन महिने तिथेच गेले, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत शिकवणारा भाग तोच.

हाहवेचे जुने मुखवटे १९६४ पासून राष्ट्रीय खजिन्यात गणले जातात. अल्डर झाडाच्या लाकडात कोरलेले आणि वर लाखेचा लेप. मूळचे चौदा, त्यातले तीन हरवले. यांगबान, सनबी, भिक्खू आणि कसाई या चौघांची हनुवटी वेगळी कोरून दोरीने बांधलेली असते. नटाने मान मागे टाकली की हनुवटी खाली सरकते, तोंड उघडतं आणि लाकूड खदखदून हसतं. मान खाली घातली की ओठ मिटतात आणि तोच चेहरा रागावलेला दिसतो. हनुवटी सोडली तर चेहऱ्यात काहीच बदलत नाही, कोन आणि सावली बदलते. इमेला मात्र हनुवटीच नाही. आख्यायिका अशी की देवाच्या आज्ञेने मुखवटे कोरणाऱ्या हो नावाच्या तरुणाला कोणीही बघायचं नव्हतं. त्याच्यावर जीव असलेल्या मुलीने भिंतीला भोक पाडून डोकावलं, आणि तो रक्त ओकून मेला. शेवटचा मुखवटा अपुरा राहिला, तो इमेचा.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली : हनुवटीत छोटी मोटर बसवायची आणि संवादाच्या आवाजाबरोबर ती हलवायची. दुसरी : हनुवटी घट्ट चिकटवायची. तिसरी : जुन्यासारखी दोरीवर सोडायची.

आधी मोटरची वाट धरली. दिसायला ती एकदम 'तांत्रिक' होती आणि अहवालात छान बसत होती. शब्दागणिक हनुवटी टकटक वाजत उघडमीट करू लागली. सन्सेंग्निम मिनिटभर बघून उठले, तपकिरी पिशवीतून स्वतःचा मुखवटा काढला, चढवला, एकही शब्द न बोलता मान हळूहळू मागे टाकली. खोलीतले सगळे हसले. मुखवटा उतरवून ते म्हणाले, ''हा बोलत नाही. हा हसतो किंवा हसत नाही.''

मोटर काढली आणि दोरी आली. दोरीने दगा दिला. रोबोचा मुखवटा माणसाच्या मापाच्या एकतृतीयांश होता. लांबी तिसऱ्या हिश्शावर आली की वजन सत्ताविसाव्या हिश्शावर येतं, पण दोरीचा ताठपणा काही त्या हिशेबाने कमी होत नाही. मान मागे गेली तरी हनुवटी जागच्या जागी लटकलेली. कारागिराने मासेमारीच्या गळाचे शिशाचे दाणे आणले, हनुवटीच्या आतल्या बाजूला कोरून बसवले, आणि दोरीच्या जागी मेण काढलेला बारीक रेशमी धागा घातला. पहिल्यांदा ती पडली तेव्हा 'टक्' असा बारीक आवाज झाला. त्या आवाजावर आम्ही जेवायला गेलो.

मग लक्षात आलं की रोबोची मानच पुरेशी मागे जात नाही. उरलेला कोन कमरेतून घ्यायचा, तर वजन टाचांच्या मागे जातं आणि उमराव पाठीवर पडतो. उपाय गुडघ्यांत सापडला. गुडघे आणखी वाकवून कंबर पुढे घेतली की छाती मागे नेता येते. गंमत म्हणजे नटही तेच करतात. सन्सेंग्निमांच्या गुडघ्यांकडे मी इतके दिवस बघितलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष हातांकडे.

वाकलेल्या गुडघ्यांची किंमत मोजावी लागलीच. उभ्या उभ्या मोटरवर सतत भार, वर अंगभर झगा, आत हवा नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला गुडघा तापून स्वतःला बंद करायचा आणि विद्वान सनबी शांतपणे खाली बसायचा. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी झग्याच्या मागच्या निऱ्यांत जाळीदार कापड लपवलं, आणि दुसऱ्याचा संवाद चालू असताना गुडघे सरळ करून घ्यायचे असं मी ठरवलं. तापमान आटोक्यात आलं. पण खरी मजा वेगळीच : आता जो ऐकतोय तो पात्र किंचित उंच व्हायचा आणि बोलताना खाली यायचा. सन्सेंग्निम म्हणाले, ''आता श्वास घेतोय.'' कोरियन नाचात श्वासाबरोबर गुडघा खाली-वर होणं हा पायाच आहे. आम्ही तिथे थंडाव्यासाठी पोचलो होतो.

मुखवट्याने आमच्यावर एक उपकारही केला. जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलं होतं की यंत्र माणसासारखं होता होता अगदी जवळ आलं की ते भयाण वाटू लागतं, आपली आपुलकी एकदम दरीत कोसळते. बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यातल्या बाहुल्या मात्र त्या दरीच्या पलीकडच्या चढावर आहेत, हेही त्यांनीच दाखवलं. लाकडी चेहऱ्याच्या रोबोला माणूस दिसायचंच नव्हतं. लहान मुलं त्याला घाबरली नाहीत.

इमेवरून झालेला वाद

आमच्याकडे एक रोबो उजव्या गुडघ्याने अधू होता. कोणीतरी म्हणालं, याला इमे करू, तसाही लंगडतोच. सगळे हसले, मीही हसलो, आणि आठवडाभर तो खरंच इमे होता.

सन्सेंग्निमांनी त्याला दोन फेऱ्या चालवून बघितलं आणि नकार दिला. इमेची लटपट तालावर पडते, या यंत्राची लटपट कुठेही पडते. त्यांनी स्वतः चालून दाखवलं : गुडघा नेमका तिसऱ्या ठोक्याला दगा देतो, आणि पुढच्या पहिल्या ठोक्याला तोल सावरलेला असतो. दर वेळी. बिघाडाला ताल नसतो. शेवटी धडधाकट रोबोकडून लंगडणं घडवलं, आणि सरळ चालण्यापेक्षा त्यात तिप्पट वेळ गेला.

याच्या अगदी उलट बुनेचं. तिची ठसक्याची चाल दोन पायांवर जमेना, म्हणून आम्ही तिला चक्क चाकांच्या पाटावर बसवलं. घेरदार स्कर्टखाली पाय दिसतच नाहीत. एका दुपारचं काम. सन्सेंग्निमांच्या मते सगळ्यांत चांगली तीच चालते. मी वर्षभर पायांवर खपलो होतो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

तालाचे पर्याय

'हे कोणाशी बोलतायत' याचं उत्तर शोधताना तीन पर्याय मांडले.

मुद्रित संगीतावर ठरलेलं वेळापत्रक : स्वस्त, भरवशाचं, दालनाला हवं तेच. जपानमध्ये एचआरपी-२ या रोबोने आइझू-बानदाइसान हे लोकनृत्य करून दाखवलं होतं, नर्तिकेच्या हालचाली टिपून. नृत्य जतन करायचं असेल तर ती रीत उत्तम. पण ते एकट्याचं नृत्य होतं, त्यात कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

दुसरा पर्याय, मायक्रोफोन लावून प्रेक्षकांचा आवाज ओळखायचा आणि रोबोने आपणहून थांबायचं. प्रयोगशाळेत जमलं. दालनात एका बाळाच्या रडण्यावर यांगबान थबकला आणि पुढे सरकेना.

तिसरा पर्याय म्हणजे माणूस. जांगगूवाली मुलगी प्रत्यक्ष बसून वाजवेल, प्रेक्षकांकडे ती बघेल, आणि रोबो तिच्यामागे जातील. मी विरोध केला. रोबोंचा खेळ म्हणायचं आणि सूत्रं माणसाच्या हाती द्यायची, ही मला हार वाटत होती. तिने एकच प्रश्न विचारला : माणसांच्या खेळात तरी नट कोणाच्या मागे जातो?

तिसरा पर्याय ठरला.

प्रत्यक्षात काय केलं

हाहवेच्या खेळाला सेमाछी नावाचा ताल आहे : तीन ठोके, प्रत्येकाचे पुन्हा तीन भाग. पुढारपण खरं तर क्वेंग्वारीचं, ती पितळी थाळी. पण बंद दालनात तिने कान किटतात, म्हणून जांगगूवर निभावलं. सन्सेंग्निमांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. जांगगूच्या डाव्या तोंडाच्या कडेला एक पिएझो चकती, म्हणजे कंपनाचा विद्युत संकेत करणारी चकती, चिकटवली, ती ठोका पकडायची.

सगळ्या हालचाली आम्ही एकेका आवर्तनाच्या तुकड्यांत कापल्या. प्रत्येक तुकडा ज्या पवित्र्यात सुरू होतो त्याच पवित्र्यात संपतो, त्यामुळे कुठलाही तुकडा कितीही वेळा फिरवता येतो. ती हळू झाली तर रोबो हळू. ती फार जलद झाली तर रोबो एक तुकडा दोन आवर्तनांवर पसरतो, कारण मोटरला मर्यादा आहे. संवाद आपोआप सुटायचे नाहीत. पुढचं वाक्य सोडायला तिला बटण लागणार होतं. पण दोन्ही हात वाद्यावर, आणि ती बसणार जमिनीवर मांडी घालून, म्हणजे पायाखाली पेडल ठेवायची सोय नाही. शेवटी दारावरच्या घंटीचं जुनं बटण कापडात गुंडाळून तिच्या उजव्या गुडघ्याखाली सरकवलं. गुडघा दाबला की वाक्य सुटतं. न दाबलं तर रोबो श्वास घेत उभे.

आवाजाचाही निर्णय होता. यंत्राने घडवलेला आवाज प्रमाण कोरियन बोलतो. हाहवेचा छोरेंगी आन्दोंगच्या बोलीत प्रश्न विचारतो, शेवटी '-निक्यॉ' लावून. ते '-निक्यॉ' गेलं की उमरावाची फिरकी घेणारा नोकर बातम्या वाचणारा होतो. म्हणून सगळे संवाद सन्सेंग्निमांच्या आवाजात मुद्रित केले, दोन दिवस बसून.

इथे आमची मोठी चूक झाली. त्यांचा आवाज आणि त्यांच्या अंगावरून टिपलेल्या हालचाली पुढे कोणाच्या, कुठे आणि किती काळ वापरायच्या, याचा कागद आम्ही मुद्रण झाल्यावर पुढे केला. तोही संस्थेचा छापील नमुना, 'सर्व हक्क' असलेला. त्यांनी सही केली नाही, दोन आठवडे तालमीला आले नाहीत, आणि आले तेव्हा त्याबद्दल बोलले नाहीत. नंतर 'या खेळापुरतं, या दालनापुरतं' असा दुसरा कागद झाला. कामाच्या पहिल्या आठवड्यात, जेवणाच्या टेबलावर, हे दहा मिनिटांत झालं असतं.

पाचवा शब्द

उद्घाटनाच्या पंधरा दिवस आधी दालनाकडून निरोप आला : शाळांच्या सहली येणार आहेत, पाचवं 'ग्यॉंग' काढा.

काढलं तर सहाची पाच सूत्रं होतात आणि गंमत मोडते, कारण सनबीने सहाचीच बढाई मारलेली असते. दुसरा शब्द घाला म्हणावं, तर जो तो आपापला सुचवू लागला. प्रवेशपरीक्षेचं काहीतरी घालू, असंही एक जण म्हणाला. सन्सेंग्निम म्हणाले, पूर्वी हा खेळ उमरावांच्या गावात त्यांच्याच आश्रयाने, त्यांच्याच तोंडावर व्हायचा, आणि त्यांनी तो चालवून घेतला.

तोडगा जांगगूवालीचा. छोरेंगी म्हणेल, 'कुमारिकेची...' आणि थांबेल. ती गुडघा उचलून धरेल. दोघे विद्वान मान मागे टाकून, हनुवट्या पाडून, वाट बघत उभे. कोणी शब्द पूर्ण केला तर केला. नाही केला तर ती योग्य वाटेल तेव्हा सहाव्यावर जाईल. दालनाला हरकत घेता येईना, कारण रोबो तो शब्द उच्चारतच नव्हता.

निष्पत्ती

पहिल्या दिवशी तीन खेळ झाले. सकाळच्या खेळाला शाळेची मुलं होती. छोरेंगी थांबला, शांतता पसरली, एका मुलाने शिक्षिकेला विचारलं, ''बिघडला का?'' जांगगूवाली लगेच पुढे गेली. दुपारच्या खेळात कापड अडकून सनबीचा पंखा पडला आणि तो रिकामा हात हलवत राहिला. त्यावर थोडं हसू आलं.

संध्याकाळी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांचा गट आला. पहिल्या दोन मिनिटांत त्या आपापसात बोलत होत्या. मग यांगबानने मान मागे टाकली, टक् झालं, आणि एकीने 'ऑल्सू' म्हटलं. जांगगूवालीने तेच आवर्तन पुन्हा फिरवलं, यांगबान तसाच हसत राहिला, आणखी दोघी बोलल्या. छोरेंगी 'कुमारिकेची...' वर आला तेव्हा ती थांबून फक्त बघत राहिली. दुसऱ्या रांगेतून तो शब्द आला, ठणठणीत आवाजात, आणि मागोमाग शेजारणीने तिला मारलेला फटका ऐकू आला. ती शांतता किती वेळाची होती ते नोंदीत आहे : पावणेसात सेकंद. वेळापत्रकात मी एवढी रिकामी जागा कधीच ठेवली नसती. सन्सेंग्निम मागे उभे होते, तिथून 'चोता' ऐकू आलं. ते रोबोला होतं, जांगगूवालीला होतं की त्या आजींना, मी विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हक्कांचा कागद आधी, हे लिहिलंच आहे. दुसरं म्हणजे जांगगूवालीला आम्ही सहाव्या महिन्यात बोलावलं, 'संगीत' या रकान्यात, हालचाली बसून झाल्यावर. ती पहिल्या दिवसापासून असती तर सगळ्या हालचाली पुन्हा तुकड्यांत कापत बसावं लागलं नसतं. तिसरं, मोटर लावलेल्या हनुवटीवर गेलेले पाच आठवडे. ते वाचले असते, पण ती बसवल्याशिवाय सन्सेंग्निमांनी पिशवीतून मुखवटा काढलाही नसता, म्हणून त्याबद्दल माझं मन अजून ठरत नाही.

आणि एक गोष्ट अंदाजपत्रकातली. रोबो, मुखवटे, झगे, सुट्या मोटरी या सगळ्यांचे आकडे त्यात होते. रोज येऊन जांगगू वाजवणाऱ्या माणसाच्या पगाराची ओळ नव्हती. ती आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती, आणि तिसरा पर्याय ठरल्यावरही मी ती मागितली नाही.

सध्याची स्थिती

तिचं मानधन तीन महिन्यांपुरतं होतं. ते संपल्यावर दालनाने मुद्रित संगीत मागितलं. मी तिच्या संध्याकाळच्या एका खेळाची नोंद घेतली, तिचे ठोके आणि तिच्या गुडघ्याचे क्षण जसेच्या तसे वेळापत्रकात उतरवले. दर तासाला आता तेच चालतं. फक्त पावणेसात सेकंदांची ती जागा रिकाम्या दालनात फार लांब वाटते अशी तक्रार आली, तेव्हा मी ती चार सेकंदांवर आणली. त्या चार सेकंदांत दोघांच्या हनुवट्या खाली असतात.